तांब्याच्या मण्याचे मोल जाणणारा संशोधक

सोने दुर्मिळ आणि तांबेच मौल्यवान असा एक काळ महाराष्ट्रात होऊन गेला. नेवासे, जोर्वे आणि इनामगावच्या मातीतून तो काळ बाहेर काढणारे पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या जीवनकार्याचा हा परिचय.

लग्नसराई जवळ आली, की पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील सराफी पेढ्यांमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. साखरपुड्याची अंगठी कशाची करायची? घरातील वडीलधाऱ्यांचा कल बावीस कॅरेट सोन्याकडे असतो. त्यात ९१.६ टक्के सोने असते आणि अडीअडचणीला मोडही चांगली येते. खडा बसवायचा तर धातू थोडा कठीण हवा, म्हणून सराफ अठरा कॅरेटचा आग्रह धरतो. मुलामुलींना प्लॅटिनमचा पांढरा, शांत रंग आवडतो. वजन, शुद्धता, घडणावळ, हॉलमार्क, मोड अशा अनेक अंगांनी चर्चा होते आणि अखेर एक धातू पक्का होतो.

या साऱ्या चर्चेत तांब्याचे नाव कोणी काढत नाही. काढलेच तर फार तर बावीस कॅरेट सोन्यात मिसळण्याची धातू म्हणून. मात्र पुण्याच्या पूर्वेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी वसलेल्या इनामगावची माती वेगळी गोष्ट सांगते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी येथे राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरात तांब्याची बांगडी असणे, हीच मोठी श्रीमंती होती. सोने होते, पण अगदी नावापुरते. ते घडवणारा कारागीर मात्र गावात होता.

ही गोष्ट आपल्याला कळली, ती एका माणसाच्या अथक परिश्रमांमुळे आणि त्याने उभ्या केलेल्या संशोधकांच्या फळीमुळे. त्या माणसाचे नाव डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

टिळकांच्या ग्रंथाचे ऋण

सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. जन्मतः ते इतके अशक्त होते, की हे मूल जगेल अशी आशा घरच्यांना फारशी नव्हती. पुढे ज्या माणसाने डोंगर, नदीपात्रे आणि पांढरीची टेकाडे पायांखाली घातली, त्याच्या आयुष्याची सुरुवात अशी झाली.

त्यांच्या आयुष्याला दिशा देण्यास एक पुस्तक कारणीभूत ठरले. शाळकरी वयात त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचा गुजराती अनुवाद पडला. त्यातील सर्वच त्या वयात उमगले असेल असे नाही. पण प्राचीन काळाचा छडा लावायचा तर संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांवर हुकूमत हवी, ही खूणगाठ त्यांनी तेव्हाच बांधली. एका मराठी नेत्याने ज्योतिर्गणिताच्या आधारे वेदांचा काळ शोधण्याचा केलेला प्रयत्न, एका गुजराती मुलाला पुरातत्त्वाच्या वाटेवर घेऊन आला. त्या मुलाने पुढे पुण्यालाच आपली कर्मभूमी केली.

मुंबईत त्यांना फादर हेरास यांच्यासारखा व्यासंगी इतिहाससंशोधक गुरू म्हणून लाभला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सांकलिया यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. कायद्याची पदवीही त्यांनी घेतली. मात्र ते वकिलीत रमले नाहीत. उच्च शिक्षणासाठी ते लंडनला गेले. तेथे गुजरातच्या पुरातत्त्वावर प्रबंध लिहून त्यांनी १९३७ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

लंडनच्या मुक्कामात त्यांना मिळालेली खरी शिदोरी ग्रंथालयाबाहेरची होती. इंग्लंडमधील मेडन कॅसल या प्राचीन टेकडीवर मॉर्टिमर व्हीलर यांचे उत्खनन चालू होते. मातीचे थर एकावर एक कसे बसतात, कोणती वस्तू कोणत्या थरात सापडली याची नोंद का ठेवायची, खड्ड्याची उभी भिंत पुस्तकाच्या पानासारखी कशी वाचायची, याचे धडे त्यांनी तेथे प्रत्यक्ष घेतले. वस्तू कितीही मौल्यवान असली, तरी तिचा थर ठाऊक नसेल तर इतिहासाच्या दृष्टीने तिची किंमत फार कमी होते, हे तत्त्व त्यांच्या मनावर कोरले गेले.

डेक्कन कॉलेजचे पुनरुज्जीवन

सांकलिया भारतात परतले, त्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे भवितव्य अधांतरी होते. सरकारने १९३४ मध्ये ते बंद केले होते. माजी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध न्यायालयीन लढा दिला आणि ऑगस्ट १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून ते पुन्हा सुरू झाले. भाषाशास्त्रासाठी डॉ. सु. मं. कत्रे, समाजशास्त्र व मानवशास्त्रासाठी डॉ. इरावती कर्वे आणि प्राचीन इतिहासासाठी डॉ. सांकलिया, अशी तरुण विद्वानांची फळी येरवड्याच्या त्या दगडी इमारतीत दाखल झाली.

तेव्हा महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचे चित्र अगदी त्रोटक होते. लेणी, नाणी आणि ताम्रपट यांच्या आधारे सातवाहनांपर्यंत, फार तर मौर्यांपर्यंत मागे जाता येत असे. त्याआधीचे सारे अंधारात होते. उत्तरेत हडप्पा आणि मोहेंजोदडो सापडले होते. दख्खनच्या पठारावर त्या काळी कोण राहत होते, ते काय पिकवत होते, अंगावर काय घालत होते, याची कोणालाच कल्पना नव्हती.

सांकलिया यांनी आरंभी पुण्याच्या परिसराची पाहणी केली. १९४१ पासून त्यांनी गुजरातेत अश्मयुगीन अवशेषांचा शोध घेतला. लांघणज येथे सूक्ष्म पाषाणास्त्रांबरोबर मानवी सांगाडेही मिळाले. या कामात इरावतीबाईंचाही सहभाग होता. पुढे १९४५-४६ मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचे उत्खनन झाले. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या पात्रालगत अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात माणसाचा वावर किती जुना आहे, हे त्यातून दिसले. परंतु अश्मयुग आणि सातवाहन यांच्यामधली मोठी पोकळी तशीच होती.

जोर्व्याची बांगडी

ही पोकळी भरून निघाली ती प्रवरेच्या काठी. संगमनेर तालुक्यातील जोर्वे आणि नाशिक येथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि त्यांचे सहकारी डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. जोर्वे येथे तांबड्या रंगाची, काळ्या रेषांची नक्षी असलेली, पातळ आणि भक्कम भाजणीची भांडी मिळाली. टिचकी मारली, की त्यांतून धातूच्या भांड्यासारखा खणखणीत आवाज येतो. या गावाच्या नावावरून पुढे एका संपूर्ण संस्कृतीला जोर्वे संस्कृती असे नाव पडले.

जोर्व्याला आणखी एक ठेवा मिळाला. तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी आणि तांब्याची एक बांगडी. कुऱ्हाड हे कष्टाचे हत्यार, तर बांगडी हा हौसेचा दागिना. दोन्हींसाठी एकच धातू वापरला होता. ज्यांच्याकडे तांबे इतके कमी, की रोजच्या कापाकापीसाठी ते गारेसारख्या दगडाची पाती वापरत, त्यांनी त्यातला काही भाग केवळ मनगट सजवण्यासाठी बाजूला काढला होता. दागिन्याची हौस पोट भरल्यानंतरच येते, असे मानणाऱ्यांना विचारात पाडणारी ही गोष्ट आहे.

त्यानंतर ज्ञानेश्वरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या नेवाशाचा क्रम लागला. प्रवरेच्या काठावरील लाडमोड टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात मोठे उत्खनन झाले. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे थर एकाच ठिकाणी मिळाले. त्यातील ताम्रपाषाणयुगीन थरांत घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने होती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यांत मुलाचे कलेवर ठेवून ती घराच्याच जमिनीत पुरायची, अशी ती रीत होती.

नेवाशाच्या अशाच एका दफनात मुलाच्या गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी गंजून हिरवे झाले होते. पण त्या गंजानेच एक चमत्कार केला होता. मण्यांच्या आतील धाग्याचे अवशेष टिकून राहिले होते. त्या धाग्याच्या तपासणीत सुताबरोबर रेशमाचेही तंतू आढळले. घोड नदीच्या काठी असलेल्या चांडोलीलाही तांब्याचे मणी मिळाले. तेथील धागा जवसाचा होता.

सोन्याची माळ मिळाली असती तर हा धागा आपल्या हाती आला नसता. सोने गंजत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या सेंद्रिय वस्तूंना सांभाळूनही ठेवत नाही. तांब्याचे क्षार मात्र धाग्यात मुरतात आणि त्याला कुजण्यापासून वाचवतात. सराफाच्या दृष्टीने तांब्याचा जो दोष, तोच संशोधकाच्या दृष्टीने गुण ठरला. आपले मूल गमावलेल्या त्या आईबापांनी घरातला मौल्यवान धातू मुलाच्या गळ्यातून काढून घेतला नाही. त्यांनी तो मातीत जाऊ दिला. म्हणून आज त्यांच्या मायेची साक्ष उरली आहे.

तांबे आले कोठून?

महाराष्ट्राच्या काळ्या बेसाल्ट खडकात या शेतकऱ्यांना पुरेल असे तांबे नाही. मग ते आले कोठून, या प्रश्नाचा माग सांकलिया यांनी सोडला नाही. त्याआधी नर्मदेच्या काठी, अहिल्याबाईंच्या महेश्वरसमोर असलेल्या नावडातोलीला त्यांनी माळवा संस्कृतीचे विस्तृत अवशेष उजेडात आणले होते. दख्खनचे पहिले शेतकरी आणि माळव्यातील शेतकरी यांचे नाते त्यातून स्पष्ट झाले. पुढे १९६१-६२ मध्ये त्यांनी राजस्थानात उदयपूरजवळ आहाड येथे उत्खनन केले. त्या गावाचे जुने नाव तांबावती. नावाप्रमाणेच तेथे तांबे वितळवल्याच्या खुणा, धातूची मळी, ताम्रवस्तू असे पुरावे मिळाले. अरवलीच्या खाणींतील तांबे दूरदूर जात असावे, या तर्काला त्यामुळे बळ मिळाले.

तांबे मौल्यवान का होते, हे यावरून समजते. सोने निसर्गात बहुधा शुद्ध रूपात, नदीच्या वाळूत वा गारेच्या शिरेत मिळते. ते वेचायचे आणि ठोकायचे. तांबे मात्र बहुतेक वेळा खनिजातून काढावे लागते. खनिज फोडायचे, कोळशाच्या भट्टीत भात्याने वारा घालून तापवायचे, मळी वेगळी करायची, पुन्हा मुशीत वितळवायचे. तांबे वितळण्यास १०८५ अंश सेल्सिअसची उष्णता लागते. त्यानंतर शेकडो कोसांचा प्रवास. असा धातू घोड नदीच्या काठी पोहोचेपर्यंत त्याच्या प्रत्येक मण्यात किती माणसांचे श्रम मिसळलेले असतील, याचा अंदाज बांधता येतो.

प्लॅटिनम तर या कारागिरांच्या आवाक्यातच नव्हते. ते १७६८ अंशांना वितळते. कोळशाच्या साध्या भट्टीला ते शक्य नाही. दागिन्यांचा धातू म्हणून त्याला प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर. धातूचे मोल केवळ त्याच्या अंगच्या चमकेवर ठरत नाही. तो कोणाला, किती कष्टाने आणि किती दुरून मिळतो, यावरही ते ठरते.

इनामगावचा सोनार

या साऱ्या शोधांचा कळस म्हणजे इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये येथे उत्खनन सुरू केले आणि ते १९८३ पर्यंत, बारा हंगाम चालले. सांकलिया यांच्यासह डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांनी त्याची धुरा वाहिली. सांकलिया १९७३ मध्ये सेवानिवृत्त झाले आणि पुढचे काम त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटाने पुरे केले.

येथील हेतू वेगळा होता. एखादा खड्डा घेऊन थरांचा क्रम लावण्यावर थांबायचे नाही. शक्य तितके संपूर्ण गाव उघडे करायचे. कोण कोठे राहत होते, कोणाचे घर मोठे, कोणाचे लहान, कोण काय करीत होते, हे शोधायचे. शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने उजेडात आली. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० असा नऊशे वर्षांचा गावगाडा डोळ्यांसमोर उभा राहिला. बार्ली हे मुख्य पीक होते. पुराचे पाणी शेताकडे वळवण्यासाठी पाट काढलेला होता. गावाभोवती बांध आणि खंदक होता. धान्याचे कोठार होते.

गावाच्या मध्यभागी सधन कुटुंबांची घरे होती आणि पश्चिमेच्या कडेला कारागिरांची वस्ती. तेथे कुंभार होता, चुना भाजणारा होता, हस्तिदंताचे काम करणारा होता आणि सोनारही होता. धातू वितळवण्याच्या मुशी आणि तांब्याचे चिमटे मिळाले, त्यावरून त्याच्या धंद्याचा माग लागला. आजही सराफाच्या मागच्या खोलीत कारागीर बसतो, त्याच्यासमोर मूस असते आणि हातात चिमटा असतो. साधनांच्या या जोडीत तीन हजार वर्षांत फारसा बदल झालेला नाही.

जोर्वे संस्कृतीत सोन्याचे दागिने फारच थोडे आढळले. हे सोने कर्नाटकातून येत असावे, असा संशोधकांचा कयास आहे. मात्र सोने कमी सापडते, याचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. सोने कोणी टाकून देत नाही. आजीची पाटली मोडून नातीची साखळी होते आणि तीच साखळी पुढे आणखी कशात तरी वितळते. सोने पिढ्यान् पिढ्या फिरत राहते, म्हणून जमिनीत उरत नाही. उत्खननात बहुतांशी हाती लागते ते फुटलेले खापर, जळालेला दाणा, हाडाचा तुकडा आणि गंजलेला मणी. पुरातत्त्वज्ञाला इतिहास लिहायचा असतो तो यांच्याच आधारे.

सांकलिया यांची थोरवी येथेच दिसते. खोदकाम म्हटले, की लोकांना गुप्तधनाची आठवण होते. सोन्याचे हंडे, राजाचा खजिना, नागाची राखण अशा कथा गावोगाव आहेत. या लोभापायी कित्येक टेकाडे रातोरात उकरली गेली. कित्येक पांढरींची माती घरांसाठी आणि शेतांसाठी वाहून नेली गेली. त्यात खापरांचे, मण्यांचे, भट्ट्यांचे पुरावे कायमचे नष्ट झाले. सोने शोधणाऱ्याने त्याहून मोलाचे धन पायदळी तुडवले. उलट सांकलिया यांनी खापराच्या तुकड्यावर क्रमांक घातला, त्याचा थर नोंदवला, त्याचे चित्र काढून घेतले. कोळशाचे नमुने कार्बन कालमापनासाठी पाठवले. वनस्पती, प्राण्यांची हाडे, माती, धातू यांची शास्त्रीय तपासणी व्हावी, यासाठी डेक्कन कॉलेजात प्रयोगशाळांची घडी बसवली.

इनामगावच्या एका घराने तर सर्वांनाच चकित केले. पाच खोल्यांच्या त्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा मोठा रांजण पुरलेला होता. आत सुमारे चाळिशीच्या पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत होता. येथे प्रौढांची पावले तोडून दफन करण्याची प्रथा होती, पण या माणसाची पावले शाबूत होती. जवळच धान्याचे कोठार होते. हा गावचा प्रमुख असावा, असे अनुमान काढण्यात आले. त्याचे मोठेपण ओळखता आले ते घराच्या जागेवरून, कोठाराच्या सान्निध्यावरून आणि दफनाच्या रीतीवरून. त्यासाठी सोन्याच्या मुकुटाची गरज पडली नाही.

पुढे इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पाऊस कमी झाला. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेतीपेक्षा शिकार आणि पशुपालनावर भर वाढला. अखेर गाव ओस पडले. शिरूरच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील आजच्या शेतकऱ्याला ही कहाणी परकी वाटणार नाही.

सोन्याची लंका आणि नावाची अंगठी

सांकलिया यांचे नाव सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचले ते मात्र एका वादामुळे. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी रामायणाकडे पुरातत्त्वाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आणि १९७३ मध्ये त्यावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मूळ कथेतील लंका समुद्रापारची नसून मध्य भारतातील शालवृक्षांच्या प्रदेशात असावी, असे त्यांनी मांडले. सोन्याच्या प्रासादांची वर्णने नंतरच्या काळातील भर असावी, असे त्यांचे मत होते. उत्खननात दिसणारा समाज मातीच्या घरांत राहत होता आणि तांबेही जपून वापरत होता. त्या काळात सोन्याची नगरी कशी बसवायची, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

त्यांच्या विवेचनात अंगठीलाही स्थान होते. सीतेला ओळख पटावी म्हणून हनुमानाने नेलेल्या अंगठीवर रामाचे नाव होते, असे रामायण सांगते. नाव कोरलेल्या अंगठ्यांचा प्रघात आपल्याकडे ग्रीकांशी संबंध आल्यानंतरचा आहे, म्हणून तो भाग उत्तरकालीन असावा, असे त्यांनी सुचवले. श्रद्धावंतांना हे रुचले नाही. काही विद्वानांनीही त्यांच्या तर्कांवर आक्षेप घेतले. सांकलिया यांनी मात्र वस्तू आणि वाङ्मय एकमेकांसमोर ठेवून तपासण्याचा आपला हक्क सोडला नाही. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष पुढे टिकलाच असे नाही. पण प्रश्न विचारण्याची त्यांची रीत टिकली.

अंगठी ही ओळखीची आणि वचनाची खूण म्हणून जगभर मानली गेली. प्राचीन रोममध्ये वाग्दत्त वधूला लोखंडाची साधी अंगठी पाठवत, असे प्लिनीने नोंदवून ठेवले आहे. आपल्याकडे वाङ्निश्चयाला साखरेचा पुडा देत. त्यावरूनच साखरपुडा हा शब्द रूढ झाला. अंगठ्यांची देवघेव त्यात अलीकडे आली. वचन पक्के व्हायला कोठे लोखंड चालले, तर कोठे चिमूटभर गोडवा पुरला.

अखेरचे पर्व

सांकलिया यांनी विपुल लेखन केले. भारत आणि पाकिस्तानच्या प्रागैतिहासावरील त्यांचा बृहद्ग्रंथ अनेक वर्षे विद्यार्थ्यांचा आधार होता. डॉ. म. श्री. माटे यांच्यासह त्यांनी ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ या ग्रंथाचे संपादन केले आणि हा विषय मराठी वाचकांपर्यंत आणला. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले. ‘बॉर्न फॉर आर्किऑलॉजी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९७८ मध्ये प्रकाशित झाले. आपला जन्मच पुरातत्त्वासाठी आहे, हा त्यांचा भाव त्या शीर्षकातच आहे.

त्यांची सर्वांत मोठी मिळकत म्हणजे त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी. देव, अन्सारी, ढवळीकर, मिश्र अशा अनेकांनी देशभर उत्खनने केली आणि पुढच्या पिढ्या घडवल्या. इनामगावचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर काही काळातच, २८ जानेवारी १९८९ रोजी, सांकलिया यांचे पुण्यात निधन झाले. जन्मतः जगण्याची शाश्वती नसलेले ते मूल ऐंशी वर्षांचे कर्तृत्वपूर्ण आयुष्य जगले.

लक्ष्मी रस्त्यावर आज अंगठी निवडणाऱ्या जोडप्याच्या हाती शुद्धतेची हमी असते. दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक असतो आणि त्यावरून तो कोठे तपासला गेला, हे कळते. नेवाशाच्या त्या मण्यांवर कोणताच शिक्का नव्हता. तो कोणत्या थरात, कोणाच्या गळ्यात आणि कोणत्या धाग्यात ओवलेला होता, एवढी नोंद सांकलिया यांच्या चमूने करून ठेवली. त्या नोंदीमुळे एका अनाम कुटुंबाने आपल्या मुलाला दिलेला अखेरचा दागिना तीन हजार वर्षांनंतरही ओळखता येतो.